गुरुवारचा खांब

ईश्वरराव तळेकरांना मधुमेह निघाला तेव्हा घरातली सगळी माणसं घाबरली. ईश्वरराव स्वतः मात्र, आता खोटं कशाला बोला, मनातल्या मनात थोडे खूशच झाले. पुन्हा मोजायला काहीतरी मिळालं होतं.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारच्या सांख्यिकी खात्यात काढली होती. कुठल्या तालुक्यात विहिरी किती, बैलजोड्या किती, शिवणयंत्रं किती, याचे तक्ते करता करता केस पांढरे झाले. निवृत्त होऊन मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये मुलगा-सुनेबरोबर राहायला आल्यावर त्यांनी आधी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, मग गच्चीवरच्या टाक्या मोजल्या, आणि एका रविवारी खालच्या रस्त्यावरून तासाला किती रिक्षा जातात तेही मोजून झालं. मग मोजण्यासारखं काही उरलं नाही आणि ते कंटाळले. कंटाळलेले ईश्वरराव म्हणजे मनोरमाबाईंच्या डोक्याला ताप. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "एका किलोत पोळ्या किती होतात गं?"

"तुम्ही बाहेर बसलात तर पुष्कळ होतात," मनोरमाबाई म्हणायच्या.

अशात २००५ सालच्या सुरुवातीला साखर निघाली. मुलाने, परागने, ग्लुकोमीटर आणून दिला. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला, चहाच्या आधी, ईश्वरराव खिडकीपाशी बसून बोटाला टोचायचे, थेंब पट्टीला टेकवायचे आणि मशीनवर आकडा उमटेपर्यंत श्वास रोखून बसायचे. आकडा कसाही येवो, वहीत जसाच्या तसा जायचा. तारीख, वार, आकडा. पट्टी धरून आखलेले रकाने. आकड्यात लबाडी करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. रक्तात जे होतं ते मात्र इमानेइतबारे वहीत उतरत होतं.

सून नीलम अंधेरीच्या एका कंपनीत होती. साहेबांसाठी दर आठवड्याला रिपोर्ट करणं हे तिचं काम. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिने सासऱ्यांची वही चाळली आणि डोळे मोठे केले.

"बाबा, आठ महिने! एक दिवस चुकला नाही तुमचा. आमच्या ऑफिसात असा डेटा एक माणूस देत नाही. हे एक्सेलमध्ये टाकूया ना."

कौतुकाला ईश्वरराव लवकर बळी पडत. एका बोटाने टाइप करत त्यांनी चार दिवसांत सगळे आकडे कंप्युटरमध्ये घातले. मग नीलमने काय काय दाबलं कोण जाणे, पडद्यावर निळ्या खांबांचा तक्ता उभा राहिला. मार्चचा खांब उंच, एप्रिलचा बुटका, मे महिना आंब्यांमुळे पुन्हा उंच. ईश्वरराव खुर्चीत पुढे सरकले. आयुष्यभर त्यांनी असे तक्ते काळ्या शाईने काढले होते आणि एक खांब चुकला तर अख्खा कागद फाडला होता.

"आणि हे बघा," नीलम म्हणाली. तक्त्याच्या कडेला 'महिना', 'वार' अशा करड्या रंगाच्या पट्ट्या होत्या. माऊसने पट्टी उचलून तक्त्यावर सोडली की खांबांची सगळी मांडामांड बदलायची. "तुम्हाला हवं तसं फिरवून बघा. मोडत नाही काही."

ती स्वयंपाकघरात गेली. ईश्वरराव मार्च-एप्रिल बघत राहिले. तो दिवस तसाच गेला.

सोमवारी दुपारी मुलगा-सून कामावर, मनोरमाबाई खालच्या मजल्यावर भिशीला. घरात एकट्या ईश्वररावांनी कंप्युटर चालू केला आणि सहज, अगदी सहज, 'वार' ही पट्टी उचलून तक्त्यावर सोडली.

खांब नव्याने उभे राहिले. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिघे एका उंचीचे, शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखे. शुक्रवार, शनिवार, रविवारही तसेच. मध्ये गुरुवार. गुरुवारचा खांब बाकीच्यांच्या डोक्यावरून वर गेलेला. इतर दिवशी सरासरी एकशे अठरा आणि गुरुवारी एकशे त्रेसष्ट.

ईश्वररावांनी आधी दाराकडे पाहिलं. मग 'वार' ही पट्टी उचलून होती तिथे ठेवली आणि कंप्युटर बंद केला.

गुरुवारी सकाळचा आकडा म्हणजे बुधवारी संध्याकाळची करणी, हे कळायला सांख्यिकी खातं लागत नव्हतं. आणि बुधवार संध्याकाळ म्हणजे त्यांचा लांबचा फेरा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. रोज ते कॉलनीतल्या बागेला फेऱ्या मारत. बुधवारी मात्र चारला बाहेर पडून साडेसातला परत येत. "आज जरा लांबवर जाऊन आलो," एवढंच सांगत. मनोरमाबाई बिल्डिंगमध्ये चारचौघींना सांगायच्या, "आमचे हे बुधवारी साडेतीन तास चालतात हो!"

ते चालत फक्त रिक्षा स्टँडपर्यंत. तिथून भाईंदर स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला आणि मग बसने राई गाव. राईत त्यांच्या ऑफिसातला जुना शिपाई पंढरीनाथ राहायचा. "साहेब, आमच्या बाजूला या, हवा चांगली हाय," असं म्हणून वीस वर्षांपूर्वी त्यांना मीरा रोडला जागा घ्यायला लावणारा हाच. मागच्या वर्षी त्याची बायको सुगंधा गेली. मुलगा वसईला वेगळा राहत होता. पंढरीनाथ एकटाच कौलारू घरात राहिला होता आणि घरासमोर, जिथे पूर्वी त्याचं भाताचं खाचर होतं, तिथे चार मजली इमारत उभी राहिली होती.

फेब्रुवारीत ईश्वरराव पहिल्यांदा एकटेच त्याला भेटायला गेले तेव्हा पंढरीनाथने स्वतः तांदळाची खीर केली. गूळ आणि नारळाचं दूध घालून, सुगंधा करायची तशी. त्या माणसाने जन्मात चूल पेटवली नव्हती. खीर बुडाला लागून करपली होती. ईश्वररावांनी पहिला घास घेतला, समोर बसलेल्या पंढरीनाथच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "वा, पंढरी! अगदी सुगंधावहिनींच्या हातची." पंढरीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या बुधवारी पुन्हा खीर. त्याच्या पुढच्या बुधवारीही. आता नको म्हणणार कसं? घरी सांगावं तर मनोरमाबाई विचारणार, खीर खाल्लीत का. म्हणून मग लांबचा फेरा.

मंगळवारी संध्याकाळी नीलमने विचारलं, "बाबा, डॉक्टरांना दाखवायचाय ना तक्ता? त्यांच्या दवाखान्यात कंप्युटर आहे, पण नेट नाही, एक्सेलही नाही. मी वेब पेज म्हणून सेव्ह करून देते. नेट नसलं तरी उघडेल." मग माऊस एका छोट्या चौकोनावर थांबवून ती म्हणाली, "इथे खूण केली तर तक्ता जिवंत राहतो. डॉक्टरांनाही पट्ट्या उचलून फिरवता येईल. खूण नाही केली तर नुसतं चित्र. कसा देऊ, जिवंत की चित्र?"

हीच ती वेळ होती. "चित्र दे" एवढे दोन शब्द म्हटले असते तर काम भागलं असतं. ईश्वररावांनी तोंड उघडलंही. पण डोळ्यांसमोर डॉक्टर पारेख आली, खांब हलताना आश्चर्याने बघणारी, "काका, हे तुम्ही केलं?" असं विचारणारी. माणूस साखर सोडेल, कौतुक कसं सोडेल?

"जिवंतच दे," ईश्वरराव म्हणाले. मनात म्हणाले, डॉक्टरला कुठे वेळ असतो पट्ट्या उचलायला!

नीलमने पेन ड्राइव्ह दिला आणि बजावलं, "बाबा, हे दोन आहेत. एक फाइल आणि त्याच नावाचं एक फोल्डर. दोन्ही बरोबर न्यायची. जोडी आहे ती. सगळा माल फोल्डरमध्ये असतो."

बुधवारी सकाळी ईश्वररावांनी पेन ड्राइव्ह उघडला आणि कपाळाला आठी घातली. फाइल फोल्डरमध्ये असते हे चौतीस वर्षांत त्यांना पाठ झालेलं. इथे फाइल बाहेर आणि तिच्या शेजारी रिकामटेकडं फोल्डर! उघडून बघितलं तर आत न वाचता येणारी काहीतरी अक्षरं. सूनबाई हुशार, पण टापटीप नाही, असं म्हणून त्यांनी फोल्डर पुसून टाकलं. टेबल स्वच्छ झाल्यासारखं वाटलं.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टर पारेख गुजराती, पण मराठी फर्डी बोलायची. तिने पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली. वर ठळक अक्षरांत आलं: 'ईश्वर तळेकर, रक्तशर्करा, उपाशीपोटी'. त्याच्याखाली एक मोठा पांढरा चौकोन. चौकोनात काहीही नाही.

डॉक्टरने चष्मा वर केला. "काका, तुमची शुगर तर गायबच झाली. काँग्रॅच्युलेशन्स! औषध बंद करू?"

बाहेर बसलेले दोन पेशंट हसले. ईश्वरराव लाल झाले. घरी येऊन हे सांगावं लागलं, कारण ऑफिसला निघालेल्या नीलमने दारातच विचारलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा! फोल्डर पुसलंत? अहो, नवऱ्याशिवाय वरात नेलीत तुम्ही!"

मनोरमाबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "उद्या मी येते बरोबर. फाइल तुम्ही धरा, फोल्डर मी धरते."

"तू कशाला? तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाही कळत म्हणूनच येते. बघू तरी, आठ महिने बोटं टोचून काय मांडलंय ते."

ईश्वररावांना हे काही आवडलं नाही. पण नाही म्हणायला कारण सापडेना. त्या संध्याकाळी ते लांबच्या फेऱ्यालाही गेले नाहीत. पाय दुखतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तक्ता सुरळीत उघडला. महिन्यांचे खांब बघून डॉक्टर पारेख खरोखरच म्हणाली, "काका, हे तुम्ही केलं? मस्त!" ईश्वररावांच्या जिवात जीव आला. मे महिन्यातल्या आंब्यांवरून तिने त्यांना थोडं झापलं, त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. आता उठायचं, असं म्हणून त्यांनी पेन ड्राइव्हकडे हात नेला.

"डॉक्टर," मनोरमाबाई अगदी भोळ्या आवाजात म्हणाल्या, "ते कडेला 'वार' लिहिलंय ते काय असतं हो? आमची नीलम ते उचलून खाली सोडते."

"असं? बघू या." डॉक्टरने पट्टी उचलली आणि सोडली.

गुरुवारचा खांब बाकीच्यांच्या डोक्यावरून वर गेला.

"अरे वा," डॉक्टर पारेख म्हणाली. "गुरुवारला काय झालंय काका? गुरुवारचा उपास असतो का? साबुदाणा?"

"उपास कसला," मनोरमाबाई म्हणाल्या. "उलट बुधवारी तर हे सगळ्यात जास्त चालतात. साडेतीन तास. नाही का हो?"

"चालल्यावर शुगर कमी होते आन्टी. वाढते ती बसून खाल्ल्यावर." डॉक्टरने खुर्ची ईश्वररावांकडे वळवली. "कुठे चालता काका?"

ईश्वररावांनी चौतीस वर्षांत मंत्र्यांच्या प्रश्नांची उत्तरं तयार करून दिली होती. हे मात्र दोनच शब्दांचं निघालं. "एकदम... लांब," ते म्हणाले.

घरी येईपर्यंत मनोरमाबाई चार पावलं पुढेच चालल्या. घरात पाऊल टाकल्यावर चप्पल काढता काढताच ईश्वररावांनी सगळं सांगून टाकलं: राई, पंढरीनाथ, करपलेली खीर, डोळ्यांतलं पाणी, सगळं. नीलमला त्या दिवशी सुट्टी होती. ती सोफ्यावर बसून ऐकत होती आणि उशी तोंडावर धरून हसत होती.

"तुला माहीत होतं?" ईश्वररावांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी बघितला मी गुरुवार," नीलम म्हणाली. "तक्ता मीच केला ना. पण मी कशाला बोलू? सासरे तुम्ही, आकडे तुमचे. मी फक्त आईंना तो खांब दाखवला आणि म्हटलं, दवाखान्यात जाऊन या."

"म्हणजे मनोरमा, तुला सगळं—"

"मला फक्त खांब माहीत होता," मनोरमाबाई म्हणाल्या. "खाली कोण बसलंय ते माहीत नव्हतं. मला वाटलं हाटकेशच्या त्या फरसाणवाल्याकडे जाता." त्यांनी स्वतःची चप्पल काढून ठेवली. मग म्हणाल्या, "सुगंधा गेली तेव्हा आपण जाऊन आलो, त्यानंतर मी पंढरीनाथला बघितलं नाही. मला सांगितलं असतंत तर मी नको म्हटलं असतं का हो जायला?"

ईश्वररावांनी मान हलवली. कुठल्या दिशेने ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"येत्या बुधवारी मी येते लांबच्या फेऱ्याला," त्या म्हणाल्या. "आणि मशीन बरोबर घेऊया. खिरीच्या आधी एकदा बघू, नंतर एकदा बघू. होऊन जाऊ दे तुमचा प्रयोग."

बुधवारी दोघं राईला पोचले तेव्हा पंढरीनाथ ओटीवर वाटच बघत होता. मागच्या बुधवारी साहेब आले नव्हते म्हणून तो दोनदा बस थांब्यापर्यंत जाऊन आला होता.

"या साहेब! आनि वयनी पन! आज सूर्य कुटून उगावला?" तो आत धावला, पाट मांडले, पाणी आणलं. आणता आणता स्वतःही एक तांब्या रिकामा केला. चुलीवर खीर होतीच. वास घरभर सुटला होता, आणि तो वास उत्तम होता. चौतीस बुधवारांत पंढरीनाथचा हात चांगलाच बसला होता.

मनोरमाबाई इकडेतिकडे बघत होत्या. पंढरीनाथ दुसऱ्यांदा पाणी प्यायला, मग तिसऱ्यांदा. सदरा अंगावर झोळीसारखा लोंबत होता. डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

"पायाला काय झालंय?"

"काय न्हाय वयनी. खाडीवर शिंपलं लागलं. दोन म्हयनं झालं, सुकतच न्हाय."

मनोरमाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिरीकडे बघत होता. त्यांनी पिशवीतून मशीन आणि कोऱ्या सुया काढल्या.

"ह्यो काय खेळ?" पंढरीनाथने विचारलं.

"साहेबांची साखर मोजायचा."

"मंग आधी माजी मोजा," असं म्हणून पंढरीनाथने हसत बोट पुढे केलं. "बगू, मी किती गोड हाय."

आकडा आला तीनशे अठ्ठेचाळीस. मनोरमाबाईंनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या बोटांकडे. पंढरीनाथला साबणाने हात धुवून यायला सांगितलं, नवी पट्टी लावली, दुसरं बोट घेतलं. तीनशे एक्केचाळीस.

ईश्वररावांनी मशीन हातात घेऊन आकडा पुन्हा पुन्हा वाचला. त्यांच्या वहीत आठ महिन्यांचे आकडे होते, दशांशापर्यंत सरासरी काढलेली होती, आणि त्यातल्या प्रत्येक बुधवारी ते याच पाटावर, याच माणसासमोर बसले होते. तो वाळत चालला होता. पाणी पीत होता. लंगडत होता. त्यांनी खीर खाल्ली होती आणि चांगली झालीय म्हणून सांगितलं होतं. त्यांनी मशीन खाली ठेवलं.

"पंढरी, उरलेल्या खिरीचं काय करतोस तू?"

"खातो. टाकवत न्हाय, साहेब. शनवारपत्तुर पुरते. तिच्या हातची चव हाय ना." मग दोघांच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू मावळलं. "काय झालं? वाईट हाय का?"

मनोरमाबाईंनी समजावून सांगितलं. घाबरवलं नाही, पण लपवलंही नाही. पंढरीनाथने सगळं ऐकलं आणि भलत्याच गोष्टीला हात घातला. "म्हंजी साहेब, तुमाला पन ह्योच आजार? आनि मी तुमाला दर बुदवारी गूळ चारत व्हतो? तुमी बोललाव का न्हाय?"

"कसं बोलणार?" ईश्वरराव म्हणाले. आणि मग, इतक्या महिन्यांनी, त्यांच्या तोंडून खरं निघालं. "पंढरी, अरे, पहिल्या दिवशी ती खीर करपली होती."

"मना म्हायती हाय," पंढरीनाथ म्हणाला. "मी काय चाखली न्हवती व्हय? तुमी ग्वाड बोललाव म्हनून पुन्यांदा करून बगितली. न्हायतर त्या दिवशी चूल इझवूनच टाकनार व्हतो."

मग मनोरमाबाईंनी पदर खोचला. "खीर शेजारच्या पोरांना वाटा. आणि तुम्ही सदरा बदला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

डॉक्टर पारेखने फडकं सोडून जखम बघितली तेव्हा ती हसली नाही, थट्टाही केली नाही. स्वतःच्या हाताने धुऊन पट्टी बांधली, रक्ताची तपासणी लिहिली, गोळ्या सुरू केल्या, रोज पट्टी बदलायला बजावलं. पंढरीनाथला बाहेर बसवून ती ईश्वररावांना म्हणाली, "काका, अजून एक महिना गेला असता ना, तर हा अंगठा राहिला नसता. कदाचित पायही." खिरीची हकिगत मनोरमाबाईंनी आधीच सांगितली होती, तेव्हा पुढे म्हणाली, "तुमची ती खीर मी माफ केली. पण फक्त आजवरची."

पुढचे बुधवार बदलले. मनोरमाबाई आता दर खेपेला जायच्या. त्या मूळच्या रत्नागिरीच्या, त्यामुळे बोंबलाच्या कालवणात कोकम की चिंच यावरून पंढरीनाथशी त्यांचं पहिल्याच दिवशी वाजलं. पंढरीनाथ भाकरी थापायला शिकला. पहिल्या भाकरीचा आकार बघून ईश्वरराव "वा" म्हणणार होते, पण मनोरमाबाईंनी डोळे वटारले आणि त्यांनी "जरा जाड झालीय" असं सांगितलं. पंढरीनाथला उलट बरं वाटलं. जखम दिवाळीनंतर सुकायला लागली आणि डिसेंबरात पूर्ण भरली.

दर बुधवारी ईश्वरराव पंढरीनाथचाही आकडा घ्यायचे. दहा आठवडे झाले तेव्हा त्यांनी त्याचा वेगळा तक्ता केला, खांबांऐवजी रेघेचा, स्वतः सेव्ह केला आणि दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरने पान उघडलं. डावीकडे वर, जवळजवळ चौकटीला टेकलेला पहिला ठिपका, आणि तिथून पायरी पायरीने खाली येत गेलेली हिरवी रेघ.

पंढरीनाथ पडद्याजवळ वाकून बघत राहिला. "ही माजी?"

"तुझी."

"तीस वर्सं तुमच्या तक्त्यांचे गठ्ठे ह्या टेबलावरनं त्या टेबलावर न्हेलं, साहेब," तो हळू म्हणाला. "आत काय असतं ते कदी बगितलं न्हाय. वाटायचं, बैल मोजून काय व्हतं?"

डॉक्टरने माऊस त्याच्या हातात दिला. एकेका ठिपक्यावर बाण नेला की शेजारी आकडा उमटत होता. पंढरीनाथ दहाही ठिपक्यांवरून फिरला, पुन्हा मागे आला, आणि बाहेरचे पेशंट खोकून खोकून दमले तरी उठला नाही. शेवटी म्हणाला, "ह्ये मना घरी पायजे."

त्याच्या घरी कंप्युटर नव्हता. आणायचा म्हटला तरी राईतली वीज बुधवारी दुपारीच जायची. म्हणून ईश्वररावांनी कपाटातून जुना आलेखाचा कागद काढला, काळी शाई काढली, आणि किती वर्षांनी कोण जाणे, हाताने तक्ता काढला. एक ठिपका चुकला, अख्खा कागद फाडला, दुसरा घेतला. पंढरीनाथने तो ओटीवरच्या भिंतीला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा चिकटवला, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "ही माजी रेग" म्हणून सांगायला सुरुवात केली.

पुढच्या बुधवारी ईश्वरराव आणि मनोरमाबाई बसमधून उतरून गल्लीत शिरले तर ओटीवर सात-आठ माणसं बसलेली. दोन कोळणी टोपल्या बाजूला ठेवून, शेजारचा धाकू म्हातारा काठी मांडीवर घेऊन, आणखी चार-पाच जण. पंढरीनाथ मधोमध उभा राहून रांग लावत होता.

"साहेब, ह्येंची पन मोजायची हाय," तो म्हणाला. "धाकूतात्याला लय पानी लागतंय हल्ली."

धाकूतात्याने बोट आधीच पुढे केलं होतं. "दुखंल का रं?" तो विचारत होता. मनोरमाबाई मशीन आणि प्रत्येकाला वेगळी अशा कोऱ्या सुया काढून सगळ्यांना हात धुवायला पिटाळत होत्या. ईश्वरराव पाटावर बसले, पिशवीतून कोरी वही काढली, आणि पट्टी धरून सावकाश रकाने आखू लागले: नाव, वय, वार, आकडा.